पात कापणी यंत्राचे स्पेसिफिकेशन ठरवताना या चुका टाळा

माझे अंबड एमआयडीसीत छोटे फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. दरवर्षी फायनल इयरची मुले ड्रॉइंग घेऊन येतात. कांद्याची पात कापणारे यंत्र हा नाशिकमधला नेहमीचा विषय, आणि तो योग्यच आहे. काढणीच्या दिवसांत निफाड, चांदवड, येवल्याला मजूर मिळत नाहीत, आणि बायका दिवसभर उन्हात वाकून विळ्याने पात कापतात. हे काम हलके करणारे यंत्र खरोखर हवे आहे, म्हणून त्याचे स्पेसिफिकेशन चुकले की मला वाईट वाटते.

एका एप्रिलमध्ये चार मुलांबरोबर मी निफाड तालुक्यात चाचणीला गेलो होतो. वर्कशॉपमध्ये यंत्र छान चालले होते. शेतात दहा मिनिटांत पात रोलरच्या शाफ्टला गुंडाळली गेली आणि मोटर घुमायला लागली. कारण शोधायला वेळ लागला नाही. मुलांनी सगळ्या चाचण्या भाजीबाजारातल्या हिरव्या पातीवर केल्या होत्या. हिरवी पात कडक असते, पाते लागले की खट्कन तुटते. उन्हाळ कांदा (रब्बीचा, साठवणुकीचा) काढून शेतातच तीन-चार दिवस पातीसकट सुकवतात. तेव्हा ती पात मऊ, चिवट, चामड्यासारखी होते. ती तुटण्याआधी वाकते आणि फिरत्या भागाला विळखा घालते. स्पेसिफिकेशनच्या कागदावर "कटिंग एफिशियन्सी 95 टक्के" असे लिहिले होते, पण कोणत्या पातीची, काढल्यानंतर कितव्या दिवसाची, हे कुठेच नव्हते.

पिकाचे आणि कॉलेजचे कॅलेंडर जुळवत नाही

प्रोजेक्टचा विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतो आणि सप्टेंबरपर्यंत आकडे कागदावर उतरतात. त्या वेळी उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये असतो, त्याची पात केव्हाच कापलेली असते. नवा उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात निघतो, म्हणजे नेमका सबमिशनच्या तोंडावर. मग मुले अंदाजाने आकडे लिहितात आणि यंत्र त्या अंदाजावर उभे राहते.

यावर उपाय आहे. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघू लागतो. त्याची पात कापताना शेतावर जा आणि पहिली मोजमापे तिथे घ्या. लाल कांदा सहसा साठवत नाहीत, थेट बाजारात जातो, त्यामुळे त्याची पात उन्हाळ कांद्याइतकी सुकलेली नसते. हा फरक कागदावर नोंदवा आणि उन्हाळ कांद्याचे रकाने रिकामे ठेवा. रिकामा रकाना परवडतो. मनाने भरलेला आकडा मात्र सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की तो मनाने भरला होता.

विशेषणांना स्पेसिफिकेशन म्हणतात

"वजनाला हलके", "स्वस्त", "वापरायला सोपे", "जलद". हे शेतकऱ्याचे म्हणणे आहे आणि ते जसेच्या तसे लिहून ठेवलेच पाहिजे. पण ते आकड्यात आणण्याचे काम तुमचे आहे. हलके म्हणजे किती? दोन माणसांनी उचलून पिकअपमध्ये चढवता येईल इतके, की बैलगाडीमागे ओढता येईल इतके? दोन्हींचे आकडे वेगळे निघतील.

मान, म्हणजे कांद्यावर राहणारा पातीचा तुकडा, किती ठेवायची, हा या यंत्राचा जीव आहे. साठवणुकीच्या कांद्याला साधारण 2 ते 2.5 सेंटीमीटर मान ठेवून पात कापण्याची शिफारस आहे. एका मावशींनी मुलांना हे एका वाक्यात सांगितले होते: "मान लई राहिली तर व्यापारी भाव पाडतो, आन् मुळापासून कापली तर चाळीत सडतो." आता हे लिहायचे कसे? "मानेची लांबी 20 ते 25 मिमी. सलग 100 कांदे काढून प्रत्येकाची मान व्हर्नियरने मोजावी, किमान 90 कांदे या मर्यादेत असावेत, कांद्याच्या सालीला काप गेलेले 2 पेक्षा जास्त नसावेत." यातले 90 आणि 2 तुमच्या शेतकऱ्याशी बोलून बदला. पण मोजायचे कसे हे त्याच ओळीत आले पाहिजे, नाहीतर व्हायवाच्या दिवशी प्रत्येक जण आपल्या सोयीने मोजतो.

सरासरीवर डिझाइन करतात

पन्नास कांदे मोजून सरासरी व्यास काढला आणि रोलरमधले अंतर ठरवले, असे बऱ्याच रिपोर्टमध्ये दिसते. पण यंत्राला सरासरी कांदा कधी भेटतच नाही. त्याला गोल्टी (बारीक कांदा) भेटते, मोठा कांदा भेटतो, जोडकांदा भेटतो, आणि डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला जाड मानेचा कांदाही भेटतो.

खरी अडचण इथे आहे. उलट दिशेने फिरणारे दोन रोलर पात खाली ओढतात आणि खालचे पाते ती कापते, अशी रचना घेतली तर जाड मान आत जाण्यापुरती फट लागते. फट वाढवली की गोल्टी आत खेचली जाते आणि चिरडते. म्हणजे सगळ्यात जाड मान आणि सगळ्यात बारीक गोल्टी, हे दोन टोकाचे आकडे तुमची फट ठरवतात, सरासरीचा त्यात काहीच वाटा नाही. दोन्ही एका फटीत बसत नसतील तर तसे स्पष्ट लिहा: गोल्टी आधी चाळणीने वेगळी करायची, किंवा डेंगळे हाताने बाजूला काढायचे. शेतकऱ्याला हे आधी सांगितले तर तो सहज मान्य करतो, कारण प्रतवारी तो करतोच.

मोटर आधी ठरवतात

"1 एचपी मोटर, एसएस 304 चे पाते, व्ही बेल्ट." ही खरेदीची यादी झाली. स्पेसिफिकेशनमध्ये यंत्राने काय करायचे ते लिहायचे, ते कशाने करायचे हे नंतर.

हिशोब करून पाहा. ताशी एक टन काम हवे आणि कांदा समजा 80 ग्रॅमचा, तर ताशी 12,500 कांदे, म्हणजे सेकंदाला साडेतीनच्या आसपास. तीन ओळी ठेवल्या तर प्रत्येक ओळीत एका कांद्यासाठी सेकंदापेक्षाही कमी वेळ. हात इतक्या वेगाने कांदे सरळ मांडू शकतील का, हा प्रश्न मोटरच्या आधी यायला हवा.

आता शक्ती. एका कापाला लागणारी ऊर्जा मोजायला साधा लंबक पुरतो. टोकाला पाते लावलेला दांडा ठरावीक उंचीवरून सोडा, पात कापून तो पलीकडे किती उंच जातो ते बघा. उंचीतला फरक गुणिले वजन गुणिले 9.81. मोकळा झोका देऊन घर्षणाचा तोटा आधी वजा करा. समजा एका कापाला 3 जूल आले, तर सेकंदाला साडेतीन काप म्हणजे दहा-अकरा वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट. मग बाकी शक्ती जाते कुठे? रोलर, बेल्ट, बेअरिंग, अडकलेली माती, आणि सुरू होतानाचा झटका. ड्राइव्हचे डिझाइन तिथे करायचे असते, पात्यावर नाही.

आणि वीज. वर्कशॉपमध्ये 230 व्होल्ट असतात. वस्तीवर, लांबलचक वायरच्या टोकाला, ते 180 पर्यंत उतरले तर मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणजे जवळपास 61 टक्क्यांवर येतो. "180 व्होल्टला, पात अडकलेली असताना यंत्र सुरू झाले पाहिजे" ही ओळ मी आता प्रत्येक ग्रुपकडून लिहून घेतो. वीज मिळणारच नसेल तर छोटे पेट्रोल इंजिन घ्या, पण तो निर्णयही शेतावर विचारून घ्या.

सुरक्षितता शेवटच्या पानावर

यात मी कोणाचेही ऐकत नाही. 300 मिमी व्यासाचे पाते 1440 आरपीएमने फिरले तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साडेबावीस मीटरच्या पुढे जातो, ताशी 81 किलोमीटर. स्विच बंद केल्यावरही ते फिरत राहते. यंत्रासमोर पदर खोचलेली बाई बसणार आहे, शेजारी तिचे मूल खेळत असणार आहे.

"सेफ्टी गार्ड दिलेला आहे" ही ओळ पुरेशी नाही. मळणी यंत्रांमुळे इतके हात गेले की 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या आयएस 9020 या मानकात पीक आत घालण्याचे तबक किमान 900 मिमी लांब आणि त्यातला 450 मिमी भाग झाकलेला असावा, असे आहे. कारण साधे आहे, हात तिथवर पोहोचूच नये. तुमचे यंत्र वेगळे आहे, पण त्याच पद्धतीने आकडा लिहा: हात घालण्याच्या जागेपासून पात्यापर्यंतचे अंतर, स्विच बंद केल्यापासून पाते थांबेपर्यंतचे सेकंद, गार्ड उघडला की मोटर बंद होते की नाही. पात गुंडाळली की माणूस पहिल्यांदा हातानेच ओढतो. म्हणून अडकलेली पात उलट फिरवून काढण्याची सोय ही माझ्या मते सुरक्षिततेचीच मागणी आहे.

बाकी थोडक्यात

सगळ्या मापांना ±0.1 मिमी टॉलरन्स देऊ नका. बेअरिंग बसते तिथे अचूकता लागतेच. पत्र्याच्या हॉपरला ती मागितली तर खर्च वाढतो आणि फायदा शून्य. कांद्याचा रस आणि माती मिळून पात्यावर थर बसतो आणि साध्या लोखंडाला गंज चढतो, म्हणून "दिवसाच्या शेवटी पाते काढून धुवायला जास्तीत जास्त दहा मिनिटे" असे काहीतरी लिहा. धार किती कांद्यांनंतर लावायची, हेही.

हाऊस ऑफ क्वालिटीचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजा आणि यंत्राचे आकडे समोरासमोर मांडणारा तक्ता बहुतेक गाईड मागतात. जपानमध्ये योजी अकाओ यांनी मांडलेल्या पद्धतीतून तो आला, आणि 1972 मध्ये मित्सुबिशीच्या कोबे इथल्या जहाजबांधणी कारखान्यात वापरला गेला. सबमिशनच्या आदल्या रात्री भरला तर तो नुसती चौकट राहतो. शेतावरून आल्या दिवशीच भरा, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक जादा रकाना जोडा: "हा आकडा कुठून आला?" उत्तर मोजमाप, मानक, शेतकरी किंवा अंदाज, यांपैकी एक असेल. अंदाज असेल तर पेन्सिलने लिहा.

त्या चार मुलांनी मे महिन्यात तेच केले. त्यांच्या कागदावर सव्वीस आकडे होते, त्यांतले एकोणीस पेन्सिलचे निघाले. रोलरच्या दोन्ही टोकांना त्यांनी पात अडवणाऱ्या चकत्या बसवल्या, शाफ्ट झाकला, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुकलेल्या पातीवर पुन्हा शंभर कांदे मोजले. एक्काहत्तर मर्यादेत आले. रिपोर्टमध्ये त्यांनी एक्काहत्तरच लिहिले.