लोअरिंग स्प्रिंग घरी बसवताय? या चुका टाळा

"चार स्प्रिंग तर बदलायच्यात, त्यात काय एवढं?" असं म्हणत लोक गाडीची उंची कमी करणाऱ्या या स्प्रिंगसाठी दुपारी जॅक लावतात आणि संध्याकाळी फोन करतात. खडखड येतेय, गाडी वाकडी बसलीय, खाली आलीच नाही. मी पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: बुशचे बोल्ट कुठे आवळलेस, हवेत की गाडीच्या वजनावर? पलीकडे शांतता.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. त्याच्या टोकाचा साधा रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली लोखंडी नळी आणि बाहेरचं कवच, दोन्हींना रबर चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जखडते आणि आर्म हलतो तो रबराला पीळ देत. चाक लटकत असताना आवळलंत, तर गाडी टेकल्यापासून ते रबर कायम पिळलेलंच राहतं.

हे शहाणपण मी पैसे मोजून घेतलंय. माझ्या पहिल्या गाडीचा मागचा भाग हवा तेवढा खाली येईना. नवीन स्प्रिंग आहे, बसेल हळूहळू, अशी स्वतःची समजूत घातली आणि दोन आठवडे रोज सकाळी टेप घेऊन मोजत राहिलो. शेवटी स्प्रिंग विकणाऱ्याशी फोनवर भांडलो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि वरचाच प्रश्न विचारला. बोल्ट सैल केले तशी गाडी 'खट्' करून खाली बसली. बुशांना मात्र तोवर चिरा गेल्या होत्या.

तेव्हापासून चाक काढण्याआधी सपाट जमिनीवर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजतो आणि आकडा मास्किंग टेपवर लिहून फेंडरलाच चिकटवतो. समजा 370 मिलिमीटर आले आणि स्प्रिंग 30 ने उतरवणारी आहे, तर जॅकने हब 340 वर आणायचा आणि मग बोल्ट आवळायचे. तेवढ्यात गाडीच स्टँडवरून उचलली जायला लागली तर थांबा. चाकं लावून गाडी रॅम्पवर घ्या आणि तिथे आवळा.

दुसरी चूक अंगावर येणारी आहे. स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाचा, वरचा नट सोडायची घाई. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला लोळवेल एवढा जोर असतो. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर, दोन्हीकडे आळीपाळीने थोडे थोडे फेरे, तेही हातपान्याने. स्प्रिंग बैठकीत हाताने हलेपर्यंत नटाला हात लावायचा नाही, आणि तोंड स्ट्रटच्या रेषेत आणायचं नाही. मग नटाबरोबर शॉकचा रॉड फिरतो म्हणून रॉड पकडीत धरणारे महाभाग भेटतात. क्रोमवर ओरखडा गेला की तो सील कापतो आणि शॉक तेल गाळायला लागतो. रॉडच्या टोकाला बहुधा ॲलन कीची खाच असते, ती त्याचसाठी आहे.

बाकीचं थोडक्यात. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत टेकलंय का, हे बोटाने चाचपा. निम्म्या खडखडीचं मूळ तिथेच असतं. ब्रेक पॅड धरणारा कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लटकवू नका, तारेने बांधा. डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक अडली तर हातोडा ठेवा आणि दोन्ही चाकं सारखी उचला. नायलॉनचे लॉकनट नवेच घ्या. जुनी स्प्रिंग ग्राइंडरने कापू का, हे मला विचारू नका.

अलाइनमेंट मी दोनदा करतो: काम संपलं की लगेच, आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा. गाडी खाली आली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव) बदलतो, पण टायर खरा खातो तो बिघडलेला टो (वरून पाहता चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं), आणि खातो आतल्या बाजूने. म्हणजे नुसतं उभं राहून दिसत नाही, वाकून हात फिरवावा लागतो.