फ्लाइट लटकली? बजेट एअरलाइनच्या प्रवाशांनी या चुका टाळा

ऑक्टोबरातली रात्र, दिल्लीहून पुण्याला परतीची 9.40 ची फ्लाइट. मी आणि बाबा साडेसातलाच विमानतळावर पोचलो. बॅगा आत गेल्या, सिक्युरिटी झाली, गेटजवळ जागा मिळाली. मग मोबाइलवर पहिला मेसेज आला: नवी वेळ 11.15. अर्ध्या तासाने दुसरा: 1.30. बाबांचं रात्रीचं इन्सुलिन चेक-इन केलेल्या बॅगेत होतं, आणि ती बॅग मी भरली होती. एअरलाइनच्या माणसाला गाठलं, बोर्डिंग पासमागे चिकटवलेला टॅग दाखवला, विनवण्या केल्या; बॅग हातात यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ बाबा मांडीवर पेठ्याचा डबा घेऊन गप्प बसून होते. जेवायला बसायचं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. तिसऱ्या मेसेजमध्ये वेळ 4.10 झाली.

त्या रात्री आमच्याकडून आणि आजूबाजूच्यांकडून ज्या चुका झाल्या, त्या नंतर प्रत्येक प्रवासात कुणी ना कुणी करताना दिसतो. थोडं आधी माहीत असतं तर पैसेही वाचले असते आणि हालही.

आधी हे समजून घ्या की बजेट एअरलाइनचं तिकीट स्वस्त का असतं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडायचं असा हिशेब असतो. जास्तीची विमानं फारशी उभी नसतात. त्यामुळे सकाळी बंगळुरूला झालेला चाळीस मिनिटांचा उशीर संध्याकाळी दिल्लीत दोन तासांचा होतो. म्हणून ज्या दिवशी लग्न, मुलाखत किंवा ऑपरेशनची तारीख आहे, त्या दिवशी शेवटची फ्लाइट घेऊ नका. पहाटेची घ्या, नाहीतर आदल्या दिवशी पोचा. पहाटेचं विमान बहुधा रात्रभर तिथेच उभं असतं, त्यामुळे मागच्या फेरीचा उशीर त्याच्या माथी येत नाही.

घाईत ‘कॅन्सल’ दाबणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. उशिराचा मेसेज आला की माणूस वैतागतो, ॲप उघडतो आणि नेहमीचं कॅन्सल बटण दाबतो. त्या क्षणी ते ‘प्रवाशाने रद्द केलेलं तिकीट’ होतं आणि कॅन्सलेशन चार्ज कापला जातो. स्वस्त तिकिटावर अनेकदा हातात फक्त कर परत येतात.

थांबा. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम तुमच्या बाजूने आहे. देशांतर्गत विमानाला 6 तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर एअरलाइनने पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे देऊ करायचे असतात. विमान त्यांनीच रद्द केलं, तरी पर्यायी विमान की पूर्ण पैसे, ही निवड प्रवाशाची असते. म्हणून वेळ बदलल्याच्या किंवा रद्द झाल्याच्या मेसेजमध्ये जी लिंक येते तीच उघडा, किंवा वेबसाइटवर विमान बदलल्यावर पर्याय निवडायचं जे वेगळं पान असतं तिथे जा. तिथे ‘फुल रिफंड’ असे शब्द दिसले तरच पुढे जा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट. काही जण चिडून कुणालाही न सांगता विमानतळावरून निघून जातात. पुढे ते विमान उडालं, तर तुम्ही ‘नो शो’, म्हणजे तिकीट असून न आलेले प्रवासी. निघायचंच असेल तर काउंटरवर सांगून, तिकिटाचं काय झालं ते लिहून घेऊनच निघा. सिक्युरिटीच्या आत असाल तर एअरलाइनचा माणूस सोबत आल्याशिवाय बाहेर पडताही येत नाही, आणि चेक-इन केलेली बॅग वेगळी उतरवून घ्यावी लागते. त्यात वेळ जातो, तो धरून चाला. आणि ‘नो शो’ झालात तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी शुल्क परत मिळतं. ते मागावं लागतं आणि बहुतेक लोक मागत नाहीत.

एकाच रांगेत उभं राहणं

विमान रद्द झालं की दीडशे-दोनशे माणसं एका काउंटरकडे धावतात आणि समोर दोन मुली बसलेल्या असतात. पुढच्या फ्लाइटमध्ये जागा मोजक्या. ज्याचं आधी बुकिंग होईल त्याला त्या मिळणार. रांगेत उभे राहाच, पण रांगेत असतानाच ॲप उघडा, सोबतच्याला हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा, आणि पुढच्या कोणत्या फ्लाइटमध्ये जागा आहे ते आधीच शोधून ठेवा. काउंटरवर पोचल्यावर “काहीतरी करा हो” म्हणण्यापेक्षा “सकाळी 6.20 च्या फ्लाइटमध्ये जागा दिसतेय, त्यात आम्हा दोघांना टाका” असं म्हणणाऱ्याचं काम पटकन होतं. समोरच्या मुलीवर ओरडू नका. विमान तिने थांबवलेलं नाही, आणि संगणकावर तुमचं नाव पुढे घालणारे हात तिचेच आहेत.

शोधताना जवळचे विमानतळही बघा. पुण्याला जायचंय आणि पुण्याची जागा नाही, तर मुंबई बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात, आणि तिथून पुणे रस्त्याने जवळ पडतं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी बेळगाव विसरू नये. गोव्याला मात्र दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. एक दक्षिणेला, दुसरा पार उत्तरेला पेडण्यात. नवीन तिकिटावर विमानतळ बदललेला असू शकतो, तेव्हा टॅक्सी सांगण्याआधी नाव वाचा.

रेल्वेचा विचारही लवकर करा. तत्काळ तिकिटं गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळतात, एसीची सकाळी 10 ला आणि बिगर-एसीची 11 ला. रात्री विमान रद्द झालं असेल तर सकाळी दहाच्या आधी जागे राहा.

दोन वेगळ्या तिकिटांना ‘कनेक्टिंग’ समजणं

नागपूर-मुंबई एका कंपनीचं, मुंबई-दुबई दुसऱ्या कंपनीचं, मधे अडीच तास. वेबसाइटवर दोन्ही मिळून स्वस्त दिसतं. पण पीएनआर वेगळे असतील तर ही दोन स्वतंत्र तिकिटं आहेत. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही आला नाहीत, एवढंच त्यांच्या नोंदीत राहतं. आखाती देशांत पहिल्यांदाच नोकरीला निघालेल्या मुलांच्या बाबतीत हे फार होतं, आणि त्यांना दुसरं तिकीट काढणं परवडणारं नसतं.

एकाच पीएनआरवर तिकीट काढा, थोडं महाग पडलं तरी. ते जमत नसेल तर मधे एक रात्र ठेवा. मुंबईत टर्मिनल बदलावं लागेल का तेही बघा: टी-1 सांताक्रूझच्या बाजूला, टी-2 सहारला, आणि मधे मुंबईचं ट्रॅफिक.

एजंटचाच नंबर देणं

गल्लीतल्या एजंटकडून किंवा एखाद्या बुकिंग साइटवरून तिकीट काढताना बऱ्याचदा त्यांचाच मोबाइल नंबर एअरलाइनकडे जातो. मग रद्द झाल्याचा मेसेज त्यांच्याकडे, आणि तुम्ही पहाटे तीनला रिक्षा करून विमानतळावर. पैशाचाही प्रश्न आहे: संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर एअरलाइन भरपाई नाकारू शकते, असं नियमातच आहे. बुकिंग झाल्याबरोबर पीएनआर घेऊन एअरलाइनच्या वेबसाइटवर जा आणि स्वतःचा नंबर टाका. आईवडिलांचं तिकीट असेल तर दोघांचेही नंबर द्या, त्यांचा आणि तुमचा.

नियम ‘साधारण’ माहीत असणं

“भरपाई द्या!” असं सगळेच ओरडतात. पण किती आणि कशाची, हे सांगता आलं नाही की समोरचा शांतपणे ‘पॉलिसी नाही’ म्हणतो. डीजीसीएचे आकडे असे आहेत.

खाणंपिणं: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला 2 तास उशीर झाला की एअरलाइनने द्यायचं. उड्डाण अडीच ते पाच तासांचं असेल तर 3 तासांनंतर, त्याहून लांबचं असेल तर 4 तासांनंतर. दिल्ली-पुणे पहिल्या गटात बसतं.

हॉटेल: 24 तासांपेक्षा जास्त उशीर, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 या वेळेत सुटणाऱ्या विमानाला 6 तासांपेक्षा जास्त उशीर.

रद्द: 24 तास आधीही कळवलं नाही, तर पैसे परत किंवा पर्यायी विमान, आणि शिवाय भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून जास्त असेल तर 10,000 रुपये. यात मेख अशी की हा आकडा किंवा तुमचं एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते मिळतं. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून 2,800 रुपये होत असतील तर 2,800 च.

जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे चढू दिलं नाही आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर हिशेब वेगळा आणि मोठा आहे. 24 तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये. त्यानंतरचं दिलं तर 400 टक्के, कमाल 20,000 रुपये.

धुकं, वादळ, संप, एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी, सुरक्षेचं कारण असेल तर भरपाई नाही. खाण्या-हॉटेलबाबतही कंपनी हात वर करू शकते. म्हणून कारण विचारा आणि ते लेखी मागा. ‘ऑपरेशनल कारण’ (म्हणजे कंपनीची स्वतःची अडचण) आणि ‘खराब हवामान’ यांत तुमच्या हजारो रुपयांचा फरक आहे. हवामान सांगत असतील तर त्याच वेळी सुटणाऱ्या इतर विमानांच्या बोर्डाचा फोटो काढा. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या ॲपवर आपलं विमान शोधून तो स्क्रीनशॉटही ठेवा. आणि कारण काहीही असो, एअरलाइनने रद्द केलेल्या विमानाचे पैसे बुडत नाहीत.

त्या रात्री आमच्या रांगेत एक तरुण मुलगी होती. तिने मोबाइलवर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं प्रवासी हक्कपत्र उघडून काउंटरवर ठेवलं आणि 9.40 ते 4.10 म्हणजे साडेसहा तास, एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही. आधी ‘नाही’ म्हटलेला माणूस फोन करायला आत गेला. पाऊण तासाने ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलं असलेल्यांसाठी खोल्या मिळाल्या. बाबा दोन तास आडवे झाले. ते हक्कपत्र तेव्हापासून माझ्या फोनमध्ये आहे. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक प्रवासाआधी नवीन प्रत उतरवून घेतो.

औषधं, चार्जर, कागद मोठ्या बॅगेत टाकणं

यावर जास्त लिहीत नाही, बाबांचं वर सांगितलंच आहे. इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, दम्याचा पंप, बाळाचं दूध, एक जोडी कपडे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. पॉवर बँक तर चेक-इन बॅगेत चालतच नाही.

सगळीकडेच गोंधळ असतो तेव्हा

वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोलमडलं आणि 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक विमानं रद्द झाली. देशातली निम्म्याहून जास्त वाहतूक एका कंपनीकडे असताना दुसरीकडे जागा कुठून मिळणार? भाडी इतकी चढली की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500, हजार किलोमीटरपर्यंत 12,000, दीड हजारापर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000 रुपये. रेल्वेने जादा डबे जोडले. अशा दिवशी बातम्या बघून घरूनच निर्णय घ्या. विमानतळावर जाऊन बघू, असं म्हणत वयस्कर माणसांना घेऊन निघू नका. दुसरं तिकीट काढलंत तरी पहिलं स्वतःहून रद्द करू नका. एअरलाइनने रद्द केल्याचा मेसेज येईपर्यंत थांबणं परवडतं. उड्डाणाच्या वेळेआधी तो मेसेज आलाच नाही, तर मात्र काय कापलं जातंय ते पाहून निर्णय घ्या.

युरोपात शिकणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. युरोपियन युनियनमधल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही विमानाला, ते भारतीय कंपनीचं असलं तरी, तिथला 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. फ्रँकफर्ट-मुंबईसारख्या लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीमुळे तुम्ही चार तासांहून उशिरा पोचलात तर 600 युरो मिळू शकतात. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपियन असेल तरच.

पैसे ‘येतील’ म्हणून विसरून जाणं

क्रेडिट कार्डने भरलेले पैसे 7 दिवसांत परत यायला हवेत. एअरलाइन ‘क्रेडिट शेल’ देऊ करेल, म्हणजे पैसे त्यांच्याकडेच पुढच्या तिकिटासाठी राहतील. ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. ते आपोआप गळ्यात मारता येत नाही. मी घेत नाही. गो फर्स्ट या बजेट एअरलाइनची विमानं 3 मे 2023 ला थांबली तेव्हा किती लोकांचे पैसे अडकले ते आठवतं. एजंट म्हणाला, “एअरलाइनकडून आले नाहीत,” तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनचीच असते.

पैसे आले नाहीत तर आधी एअरलाइनच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा: पीएनआर, मेसेजचे स्क्रीनशॉट, जेवणाची-टॅक्सीची बिलं, विमान रद्द किंवा उशिरा झाल्याचं प्रमाणपत्र, आणि नेमकी किती रक्कम हवी ते. उत्तर समाधानकारक नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही, आणि तिकिटाची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही.