अमेरिकेतल्या केससाठी मानसिक मूल्यमापन: घरच्यांनो, या चुका टाळा

दांडिया बाजारात मी मराठी-गुजराती कागदांची इंग्रजी भाषांतरं करून देते. हल्ली त्यात अमेरिकेतल्या इमिग्रेशन केससाठी आई-वडिलांनी लिहिलेली पत्रं बरीच असतात. मुलीने नवऱ्याच्या छळामुळे 1994च्या ‘वावा’ (VAWA, महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा अमेरिकी कायदा) कायद्याखाली अर्ज केलेला असतो किंवा कुणी आश्रय मागितलेला असतो. वकील सायकॉलॉजिस्टकडून मूल्यमापन करून घ्यायला सांगतात आणि तो सायकॉलॉजिस्ट कधीकधी इथे बडोद्यात घरच्यांशीही बोलतो. पोरीचा जीव टांगणीला असतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

“रिपोर्टात डिप्रेशन लिहिलं तर ग्रीन कार्ड अडेल का हो?” आया मला हे हमखास विचारतात. ग्रीन कार्डाची मेडिकल वेगळी, ती सरकारने नेमलेले डॉक्टर करतात. तिथेही नुसत्या निदानावर अर्ज अडत नाही. आजारापायी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं आहे का, ते बघतात. मूल्यमापन हा अर्जदाराच्या बाजूचा पुरावा आहे. त्यामुळे कारेलीबागेतल्या मानसिक रुग्णालयाचे जुने केसपेपर, लग्नाआधीच्या गोळ्या लपवू नका. आधी किती त्रास होता आणि लग्नानंतर किती वाढला, हेच तर त्यांना कळायला हवं असतं. लपवलेलं मागाहून बाहेर आलं की खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र पत्रांत होतं. एका काकूंनी टायपिस्टकडून लिहून आणलं होतं, ‘माझी कन्या प्रचंड मानसिक तणावाखाली असून तिची मनःस्थिती अत्यंत खालावली आहे.’ मी विचारलं, “काकू, तुम्हाला हे कळलं कशावरून?” त्या बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, “अगं, व्हिडिओ कॉलवर असताना दाराशी किल्ली वाजली की ती फोन पालथा घालते. मला नुसता काळोख दिसतो. आणि आवाज असा बदलतो, ‘हो आई, जेवले, मजेत आहे.’”

हे लिहा, मी म्हटलं. हे कधीपासून होतंय, आठवड्यातून किती वेळा, आधी ती कशी होती. नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरब्याला जाणारी मुलगी आता कुणाशी बोलत नाही, हे तुम्ही पाहिलंय, ते तुमच्या शब्दांत येऊ द्या. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, ‘त्या वर्षीच्या दिवाळीनंतर’ लिहा. मुलीचा जबाब वाचून त्यातली वाक्यं उचलू नका. आणि मुलीला ‘तिथे रड’ असं शिकवणं तर अजिबात नको. अनुभवी सायकॉलॉजिस्टला ते कळतं. भाषांतरासोबत ते पूर्ण व अचूक असल्याचं मी सही करून देते, म्हणून माझ्याकडेही ‘जरा वजनदार करा’ म्हणू नका.

दुभाष्या म्हणून नातेवाईक नको. मुलगी म्हणते, “जीव नकोसा झालाय,” आणि सोबतची नणंद इंग्रजीत सांगते, ती दमली आहे. केवढी मोठी गोष्ट तिथेच गळून जाते! मराठी जाणणारा त्रयस्थ दुभाष्या आधीच मागून घ्या.

वेव्हरच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या आड येणारी कायदेशीर अडचण माफ करा असं मागण्याच्या, केसमध्ये आणखी एक घोटाळा होतो. तिथे मूल्यमापन बहुधा अर्जदाराचं नसतं. त्याच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचं, नाहीतर आई-वडिलांचं असतं. कुणाचं करायचं ते वकिलाला आधी विचारा. वेळही हाताशी ठेवा, आश्रयाच्या अर्जाला साधारणपणे अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षाची मुदत आहे.

‘वावा’ची माहिती तिथलं सरकार नवऱ्याला देऊ शकत नाही. ती फुटते आपल्याकडूनच, मांडवीतल्या मामाला सांगितली की संध्याकाळपर्यंत सासरी पोचते. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

मूल्यमापन करणारा उपचार करत नाही, तो रिपोर्ट लिहितो. मुलीला उपचार वेगळे हवेत. तिकडे संकटाच्या वेळी 988 नंबर आहे. त्या काकूंनाही पत्र संपवल्यावर रात्र रात्र झोप नव्हती. त्यांना मी 14416 लिहून दिला, टेली मानस या आपल्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. फुकट आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.