अंदमानला निघालाय? आधी वादळाचं बघा
दिवाळी झाली की आमच्या सांगलीतली निम्मी गल्ली अंदमानला निघती, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा सीझन असतोय हे कुणी बघतच नाय. आठवडाभर आधीपासनं हवामान खात्याची साईट रोज उघडायची, 'डिप्रेशन' (समुद्रावरचं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र, वादळाआधीची पायरी) दिसलं की सावध व्हायचं, वारा ताशी 62 किमीला पोचला की ते चक्रीवादळ. 2013 च्या नोव्हेंबरात लेहर नावाचं चक्रीवादळ पोर्ट ब्लेअरजवळनंच (आताचं श्री विजयपुरम, अंदमानचं विमानतळ इथंच) गेलं. समुद्र खवळला की हॅवलॉक बेटाची (आताचं स्वराज द्वीप) बोट बंद, आमचे दाजी असेच अडकले आन विमान हुकलं, म्हणून शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरलाच काढा. कॅश, टॉर्च, औषधं जवळ पाहिजेत, आन भडंगाची पिशवी (दाजी त्याच्यावरच जगले).