पक्ष्यांवर रिसर्च करायचाय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली बऱ्याचदा विचारतात, पक्ष्यांमध्ये करिअर करायचंय, कुठला कॅमेरा घेऊ? कॅमेरा राहू दे. एक बरी ८ बाय ४२ ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, वही आणि पेन्सिल एवढं बास आहे. मी पुण्यातूनच या कामात आलो, सध्या माळरानावरचे पक्षी मोजतो, आणि नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच असतं की पक्षी ओळखता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. ओळखणारे पुण्यात ढिगाने आहेत, रविवारी सकाळी कवडीला नाहीतर पाषाण तलावावर जा, दिसतील. मोजणारे फार कमी आहेत आणि गरज त्यांचीच आहे.

मोजायला काय अवघड आहे असं वाटतं. मोरगावच्या पुढे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, लोक चिंकारा बघायला जातात. तिथं डोंबारी नावाचा छोटासा चंडोल आहे. विणीच्या दिवसात नर हवेत वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, सावरतो, परत वर, आणि मधेच लांब शीळ घालतो, लांबून सुद्धा लक्ष जातंच. तोच पक्षी डिसेंबरात ढेकळांमध्ये गप्प बसला की अगदी पायाजवळून उडेपर्यंत दिसत नाही. आता समजा जूनमध्ये २० दिसले आणि डिसेंबरात ४, तर पक्षी कमी झाले का? नुसत्या आकड्यावरून नाही सांगता येत, कारण पक्षी तिथं असणं आणि तो आपल्याला दिसणं या दोन गोष्टी आहेत. असलेला पक्षी दिसण्याच्या शक्यतेला डिटेक्शन प्रोबॅबिलिटी म्हणतात आणि आमचं निम्मं शास्त्र याच्याभोवतीच फिरतं.

म्हणून मग ट्रान्सेक्ट चालायचा. ठरलेली सरळ रेष, ठरलेली वेळ, आणि दिसलेला प्रत्येक पक्षी रेषेपासून किती लांब होता ते लिहायचं. रेषेजवळचे बहुतेक सगळे दिसतात, लांबचे सुटत जातात, आणि अंतराप्रमाणे किती सुटतायत त्यावरून न दिसलेल्यांचा पण अंदाज बांधता येतो, हे डिस्टन्स सॅम्पलिंग. जंगलात किंवा दाट झाडीत चालण्यापेक्षा पॉइंट काउंट बरा, एका जागी ठरलेली मिनिटं उभं राहायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. त्याची प्रॅक्टिस वेताळ टेकडीवर फुकटात होते, डोळे मिटून तांबट, शिंपी, सातभाई, बुलबुल वेगळे करता यायला लागले की समजा पाया झाला.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, यादी टाकत असाल तर पूर्ण यादी टाका. म्हणजे फक्त भारी पक्षी नाही, कावळा साळुंकी कबूतर पण, आकड्यांसकट. सगळं लिहिलं असेल तरच न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. २०२३ चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स रिपोर्ट अशाच ३० हजारांवर हौशी लोकांच्या नोंदींवर उभा आहे, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या ६० टक्के कमी झाल्यात. नीलपंखासारखा, आपण कायम तारेवर बघतो तो पक्षी सुद्धा घटलाय हे कुणाच्या आठवणीवरून नाही कळलेलं.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्यात गरवारे कॉलेजात बायोडायव्हर्सिटीचं एमएस्सी आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे, आयसर ही विज्ञान संस्था आहे. बाहेर जायचं असेल तर डेहराडूनची डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था) आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), तिथल्या वाइल्डलाइफच्या एमएस्सीला दरवर्षी प्रवेश असतोच असं नाही त्यामुळे आधीपासून लक्ष ठेवा. आणि काहीही करा पण स्टॅटिस्टिक्स आणि आर ही आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा शिका. फिल्डवर जितके दिवस जातात त्याहून जास्त लॅपटॉपसमोर जातात, हे ज्यांना आधी सांगितलं जात नाही ती मुलं मधेच सोडून जातात, चांगली मुलं, वाईट वाटतं. आणखी एक, अभयारण्यात अभ्यास करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, आणि पक्षी पकडून रिंग घालायची तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळं परमिट आणि रीतसर ट्रेनिंग, त्याशिवाय जाळं लावायचा विचारही नको.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कळकळ माळाची आहे. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक जमीन, मग कुणीतरी चांगल्या मनाने खड्डे खणून झाडं लावतं, आणि धाविक, पखुर्डी, चंडोल यांना हवं असलेलं उघडं गवत जातं. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी रात्री मुक्कामाला गवतातच जमिनीवर उतरतात, त्यांना झाड काय कामाचं. पण इथं झाडं नकोत असं म्हटलं की लोक चिडतात, तेव्हा हातात वर्षानुवर्षांचे एकाच पद्धतीने घेतलेले आकडे असले तरच मिटिंगमध्ये कुणी ऐकून घेतं.

तर इंटर्नशिपसाठी कुणाला मेल टाकणार असाल तर आधी घराजवळची एकच जागा धरा, टेकडी, नाला, तलाव काहीही, दर आठवड्याला तीच वेळ तोच रस्ता, आणि वर्षभराची ती शीट मेलला जोडा. मी तरी मार्कशीटच्या आधी तीच उघडतो.