केटामाइनची भूल: मांजर घरी आणताना आणि माणूस शुद्धीवर येताना

नसबंदी करून टोपलीतून घरी आणलेले मांजर डोळे टक्क उघडे ठेवून पडलेले असते, जीभ किंचित बाहेर असते, आणि नावाने हाक मारली तरी ते बघत नाही. ते दृश्य पाहून घरातली माणसे हबकतात. केटामाइनच्या भुलेचे रूपच तसे आहे. हे औषध मेंदूतील एनएमडीए ग्राहकांचे, म्हणजे पेशींवर संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचे, काम अडवते. त्यामुळे वेदनेची आणि भोवतालची जाणीव तुटते, मात्र श्वास बहुधा सुरू राहतो आणि डोळे मिटत नाहीत. १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते तयार केले, १९६४ मध्ये ते प्रथम माणसांना दिले गेले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मांजराला किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण लहान पिल्लू फार वेळ उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर उतरते. म्हाताऱ्या मांजराला हल्ली पाणी जास्त लागते किंवा लघवी वाढली आहे, असे वाटत असेल तर ते भुलेआधीच सांगावे. मांजराच्या शरीरातून हे औषध बरेचसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, तेव्हा मूत्रपिंड दुबळे असल्यास गुंगी लांबते. कुत्र्याला एकटे केटामाइन देत नाहीत, कारण त्याने स्नायू ताठरतात आणि झटकेही येऊ शकतात. म्हणून त्यासोबत झायलाझिन, डायझेपाम किंवा मिडाझोलाम यांसारखे दुसरे औषध असते.

घरी आणल्यावर टोपली जमिनीवर, अंधाऱ्या आणि शांत खोलीत ठेवावी. पलंग आणि ओटा यांपासून मांजराला दूर ठेवावे, कारण ते उठते, दोन पावले टाकते आणि मागचे पाय घसरून पडते. अंगाखाली घोंगडी असावी. भुलेत शरीर थंड पडते. डोळे मिटत नसल्याने बुबुळे कोरडी पडतात, त्यामुळे डॉक्टरांनी मलम दिले असेल तर ते विसरू नये. लाळ गळणे, मान डोलणे आणि बुबुळे इकडून तिकडे सरकणे हे काही काळ चालते. वाटी चाटायला मान नीट वर धरता येईपर्यंत दूधपाणी देऊ नये, कारण घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या, झटके आले अथवा श्वास अडखळला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

जुन्नरच्या उसातून बिबट्या पकडताना केटामाइन आणि झायलाझिन यांचे मिश्रण डार्टमधून, म्हणजे दुरून मारलेल्या सुईतून, दिले जाते. झायलाझिनचा उतारा आहे, केटामाइनचा नाही. म्हणून उतारा घाईने दिला तर राहिलेल्या केटामाइनमुळे जनावर ताठरते आणि धडपडते. त्यामुळे डोळ्यांवर कापड टाकून गर्दी हटवणे हेच तिथले पहिले काम असते, आणि दुर्दैवाने बघ्यांना ते सगळ्यात शेवटी पटते.

माणसांच्या बाबतीत, हात मोडलेल्या मुलाचे हाड बसवायला हे औषध अनेक ठिकाणी वापरतात. भूलतज्ज्ञाला अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, मानसिक आजार आणि सध्या सुरू असलेली औषधे आधी सांगावीत. केटामाइनने नाडी आणि रक्तदाब वाढतात. मुलाला सर्दी-खोकला असेल तर तोही लपवू नये, कारण त्याने स्वरयंत्र अचानक आवळले जाण्याची शक्यता वाढते. उपवासाचा नेहमीचा हिशेब घट्ट अन्नासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास असा असतो.

शुद्धीवर येताना रुग्णाला विचित्र स्वप्ने पडतात, छतावरून स्वतःकडे बघतो आहोत असेही वाटते, आणि प्रौढांना हा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो. अशा वेळी नातेवाइकांनी त्याला हलवून प्रश्न विचारू नयेत. एकाने शेजारी बसून हळू आवाजात नाव घ्यावे आणि दिवा मंद ठेवावा. घरी सोडताना सोबत मोठे माणूस असावे. त्या दिवशी गाडी चालवू नये आणि कुठल्या कागदावर सहीही करू नये.

नशेसाठी वारंवार घेतल्यास केटामाइन मूत्राशयाचे अस्तर खराब करते. लघवीला सतत जावे लागते, जळजळ होते आणि रक्तही पडते. भारतात ते अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या सरकारी यादीत, असून त्याची नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. त्यामुळे प्राण्यांच्या डॉक्टरांकडून उरलेली कुपी कोणी घरी देऊ केली, तर ती घेऊ नये.