हवामानाच्या क्षेत्रातलं पहिलं काम: अर्जाआधी अंदाजाची वही

हवामानशास्त्राची पदवी संपत आली की बहुतेकांची नजर एकाच ठिकाणी लागते: देशाचं हवामान खातं. जाहिरात निघेल, परीक्षा होईल, मग बघू. खात्यासाठी जरूर प्रयत्न करा, तिथलं शिक्षण दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण जागा मोजक्या असतात, जाहिरातीचा भरवसा नसतो, आणि तोवर वाट बघत बसलेल्या उमेदवाराकडे अर्जात लिहिण्यासारखं काही जमा होत नाही. मी काही वर्षं विमानतळावरच्या हवामान कार्यालयात शिफ्टमध्ये अंदाज द्यायचे. आता पवनऊर्जेच्या अंदाजाचं काम करते, आणि इंटर्नशिपचे अर्ज वाचून मुलाखती घेणं माझ्याकडेच असतं. टेबलाच्या या बाजूने जे दिसतं, ते सांगते.

काम नेमकं कुठे असतं

हवामानावर ज्यांचा पैसा किंवा जीव अवलंबून आहे, त्या प्रत्येकाला हवामान कळणारा माणूस लागतो. विमानतळ आणि विमान कंपन्या सगळ्यांना आठवतात. पण पवन आणि सौर वीज, वीजबाजार, विमा आणि पुनर्विमा, जहाजांचे मार्ग ठरवणाऱ्या कंपन्या, पीकविमा, धरणांचं पाणी सोडण्याचं नियोजन, हवेच्या प्रदूषणाचे सल्लागार, रडार आणि उपकरणं बनवणारे कारखाने, ही नावं विद्यार्थ्यांच्या यादीत क्वचितच असतात.

माझ्याच क्षेत्राचं उदाहरण घ्या. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटरचा वारा आला, तर त्यातली ऊर्जा जवळपास ५९ टक्क्यांनी जास्त असते. टीव्हीवरच्या अंदाजात एका मीटरचा हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण उद्या ग्रिडला किती वीज देणार हे आज कळवायचं असेल, तर त्याच फरकावर दंड लागतो. म्हणून वीज कंपन्या अंदाज देणारी माणसं ठेवतात.

गंमत अशी की या जाहिरातींमध्ये 'हवामानशास्त्रज्ञ' हा शब्द बऱ्याचदा नसतोच. एनर्जी फोरकास्टर, रिस्क अ‍ॅनालिस्ट, कॅटास्ट्रॉफी मॉडेलर, क्लायमेट डेटा अ‍ॅनालिस्ट, जिओस्पेशियल अ‍ॅनालिस्ट अशा नावांनी त्या निघतात. पदाच्या नावावर शोधू नका. ईआरए५ (मागच्या हवामानाचा जागतिक डेटा), नेटसीडीएफ आणि ग्रिब (अशा डेटाच्या फायलींचे प्रकार), डब्ल्यूआरएफ (हवामानाचं एक संगणकीय मॉडेल) असे शब्द टाकून शोधा. ज्या जाहिरातीत हे शब्द आहेत, तिथे हवामानाचं काम आहे, पदाची पाटी काहीही असो.

आधी पात्रता, मग स्वप्नं

ही बाब कंटाळवाणी आहे, पण वेळ वाचवते. जागतिक हवामान संघटनेने हवामानशास्त्रज्ञासाठी किमान अभ्यासक्रम ठरवून दिला आहे, त्याला बीआयपी-एम म्हणतात. त्यात गणित-भौतिकशास्त्राचा पाया, वातावरणाची गतिकी (हवेच्या हालचालीचं गणित), भौतिक हवामानशास्त्र, सिनॉप्टिक आणि मेसोस्केल विश्लेषण (मोठ्या आणि मध्यम आकाराच्या हवामान प्रणालींचं), हवामानाचा दीर्घकालीन अभ्यास एवढं येतं. निरीक्षक आणि तंत्रज्ञांसाठी वेगळा, छोटा अभ्यासक्रम आहे: बीआयपी-एमटी. विमानसेवेसाठी अंदाज द्यायचा असेल तर बीआयपी-एम पूर्ण झालेला असावा, हा निकष २०१६च्या डिसेंबरपासून लागू आहे. अमेरिकेत सरकारी हवामानशास्त्रज्ञाच्या पदाला या विषयाचे किमान २४ सेमिस्टर क्रेडिट लागतात, आणि त्यातले ६ गतिकीचे, ६ हवामान प्रणालींच्या विश्लेषण-अंदाजाचे असावे लागतात.

भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणक शिकून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी आपली गुणपत्रिका या यादीशी ताडून पाहावी. सहसा गतिकी आणि सिनॉप्टिक हे दोन विषय कमी पडतात. खासगी कंपन्या याबाबत सैल असतात, सरकारी कार्यालयं मुळीच नसतात.

दुसरी अट नागरिकत्वाची. राष्ट्रीय हवामान सेवा, सैन्यदलांशी जोडलेली कामं आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या बऱ्याच उन्हाळी योजना फक्त त्या देशाच्या नागरिकांसाठी किंवा कायम रहिवाशांसाठी असतात. जाहिरातीतली ही ओळ आधी वाचा, निबंध नंतर लिहा. देशाबाहेरचं काही हवं असेल तर जिनिव्हातल्या जागतिक हवामान संघटनेच्या इंटर्नशिप आणि युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान अंदाज केंद्राचा 'कोड फॉर अर्थ' उपक्रम पाहा. या उपक्रमात मार्गदर्शकांच्या हाताखाली काही महिने खऱ्या प्रकल्पावर कोड लिहायचा असतो. त्याचीही पात्रता आधी बघा.

आणि वेळापत्रक. उन्हाळ्यातल्या जागांचे अर्ज उन्हाळ्यात भरत नाहीत. जून ते ऑगस्टच्या इंटर्नशिपच्या मोठ्या संस्थांच्या मुदती बहुतेक आदल्या हिवाळ्यातच संपलेल्या असतात. मार्चमध्ये जागे झालेल्यांना मग लहान कंपन्या आणि थेट मेल एवढेच मार्ग उरतात.

वही

आता मुख्य मुद्दा. या क्षेत्राची एक मेहेरबानी दुसरीकडे नाही: कोणी नोकरी देण्याआधीच तुम्ही ते काम करू शकता. अमेरिकेच्या जीएफएस या अंदाजाच्या संगणकीय मॉडेलचे निकाल फुकट मिळतात, ईसीएमडब्ल्यूएफचेही आता खुले आहेत, विमानतळांचे मेटार संदेश (तिथल्या हवामानाच्या नियमित नोंदी) जगभर उपलब्ध आहेत, आणि ००:०० व १२:०० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ) उपकरणं लावून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदी थोड्याच वेळात पाहता येतात. हात बांधलेले नाहीत.

एक विमानतळ निवडा, ज्याचे मेटार नियमित येतात. रोज ठरलेल्या वेळी, पुढच्या चोवीस तासांसाठी चार गोष्टी लिहा: कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस पडण्याची शक्यता टक्क्यांत, आणि वाऱ्याचा सर्वांत मोठा झोत. खाली दोन-तीन ओळींत कारण. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं ते त्याच ओळीसमोर भरा. अंदाजाची वेळ नोंदलेली असली पाहिजे आणि नंतर त्यात खाडाखोड होता कामा नये. गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर ठेवलीत तर प्रत्येक बदलाची तारीख आपोआप राहते.

मग तपासणी. पावसाच्या शक्यतेसाठी ब्रायर स्कोअर वापरा, १९५०पासून चालत आलेला साधा हिशोब आहे. तुम्ही ७० टक्के म्हटलं आणि पाऊस पडला, तर ०.७ आणि १ मधल्या फरकाचा वर्ग, म्हणजे ०.०९. पडला नाही, तर ०.४९. सगळ्या दिवसांची सरासरी काढा, जितकी कमी तितकी चांगली. पण एकट्या आकड्याला अर्थ नाही. ज्या ठिकाणी त्या ऋतूत सरासरी पाच दिवसांतून एकदा पाऊस पडतो, तिथे रोज डोळे मिटून '२० टक्के' म्हणणाऱ्याचाही स्कोअर ०.१६च्या आसपास येतो. तुमचा ०.१५ असेल तर फार काही साधलेलं नाही. ०.१० असेल तर बोलण्यासारखं आहे. तापमानासाठी 'जे काल झालं तेच आज' हा प्रतिस्पर्धी ठेवा. त्याला हरवणं ऐकायला सोपं वाटतं, पण हवा स्थिर असलेल्या दिवसांत तो चांगलाच दमवतो.

अर्जात या वहीचा दुवा द्या आणि खाली चार ओळी लिहा: कुठे जिंकलो, कुठे हरलो, का. 'किनाऱ्यावरच्या ठिकाणी समुद्री वारा मॉडेलपेक्षा लवकर शिरतो, त्यामुळे माझं कमाल तापमान सतत जास्त निघत होतं', असं एक वाक्य माझ्यासाठी दहा ऑनलाइन प्रमाणपत्रांपेक्षा वजनदार आहे. प्रमाणपत्रं मी वाचत नाही, खरं सांगायचं तर.

हाताला काय सवय हवी

पायथन आणि लिनक्स हवंच. पायथनमध्ये एक्सअॅरे, कार्टोपाय आणि मेटपाय ही तयार साधनं. जुनी मॉडेलं फोरट्रान या संगणकीय भाषेत आहेत, ती वाचता आली तर उत्तम, लिहिता यायलाच हवी असं नाही. ईआरए५ हा १९४०पासूनचा तासातासाचा जागतिक डेटा युरोपच्या कोपर्निकस सेवेकडून मोफत मिळतो, सराव त्याच्यावर करा.

सराव करताना बारीक अडचणींकडे लक्ष द्या, कारण नवख्या माणसाची परीक्षा तिथेच होते. ईआरए५मधला पाऊस मीटरमध्ये असतो, मिलिमीटरमध्ये नाही, आणि तो दिलेल्या वेळेआधीच्या तासाभराचा असतो. तापमान केल्व्हिनमध्ये. रेखांश काही फायलींत ० ते ३६०, काहींत उणे १८० ते अधिक १८०. ते न पाहता नकाशा काढला की अर्धं जग भलतीकडे जातं. वेळ यूटीसीत असते, त्यामुळे स्थानिक दिवसाचा पाऊस काढायचा तर तास सरकवावे लागतात. हे न करता 'दैनिक पाऊस' म्हणून आलेख चिकटवलेले अर्ज दर हंगामात येतात, आलेख देखणे असतात, आकडे चुकलेले. मी पहिल्यांदा अक्षांची एककं बघते.

यंत्रशिक्षणाबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. २०२३मध्ये ग्राफकास्ट आणि पांगू-वेदर ही मॉडेलं आली, २०२५च्या फेब्रुवारीत ईसीएमडब्ल्यूएफने एआयएफएस हे स्वतःचं तसंच मॉडेल रोजच्या कामात आणलं. मग माणसं कशाला? माझं मत असं की अंदाज तयार करणं स्वस्त झालं, त्यामुळे कोणता अंदाज कुठे मानायचा हे सांगणाऱ्याची गरज वाढली. पडताळणी शिकलेला मुलगा या बदलात आधीच पुढे आहे. हे पुन्हा वहीकडेच येतं.

न मागितलेला मेल

लहान कंपन्या आणि संशोधन गट जाहिरात काढतातच असं नाही. थेट लिहावं लागतं. 'मला हवामानाची लहानपणापासून आवड आहे' या वाक्याने सुरू होणारे मेल इतके येतात की डोळा पुढे सरकत नाही. असं काही लिहा:

'तुमच्या गटाचा धुक्याच्या अंदाजावरचा शोधनिबंध वाचला. त्यात पडताळणी एकाच विमानतळाची आहे. मी जवळच्या दोन विमानतळांचे पाच हिवाळ्यांचे मेटार घेऊन तीच पद्धत लावली. एका ठिकाणी निकाल जुळतो, दुसऱ्या ठिकाणी धुकं उशिरा विरतं. आलेख जोडला आहे. जूनपासून दहा आठवडे मोकळी आहे. या प्रश्नावर तुमच्याकडे काम करता येईल का?'

एवढंच. एक आलेख, एक प्रश्न, उपलब्धतेच्या तारखा. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, नंतर सोडून द्या. मोठ्या प्राध्यापकापेक्षा त्याच गटातल्या पीएचडी करणाऱ्याला लिहिलेलं बऱ्याचदा लवकर फळाला येतं, त्याला मदतीची गरज रोजची असते.

मुलाखत

मी उमेदवारापुढे फुग्याच्या नोंदीचा आलेख ठेवते. खाली दमट हवा, त्यावर गरम हवेचं झाकण, वर केप (हवा वर उसळायला उपलब्ध ऊर्जा) भरपूर. आज गडगडाटी पाऊस होईल का? 'केप तीन हजार आहे, म्हणजे होईल', असं म्हणणारे पुष्कळ. मला दुसरं उत्तर ऐकायचं असतं: झाकण फुटायला जमिनीजवळचं तापमान किती चढायला हवं, आज तेवढं चढेल का, आणि नाही चढलं तर वर उचलणारी दुसरी कुठली गोष्ट आहे? शेवटी टक्क्यांत आकडा सांगणारा उमेदवार मला आवडतो. 'शक्यता नाकारता येत नाही' या वाक्याने कोणाचाच निर्णय होत नाही.

कधी मेटारही वाचायला देते. वाऱ्याचा गट २४०१५जी२७केटी असेल, तर वारा २४० अंशांकडून, १५ नॉट, झोत २७ नॉटपर्यंत. हे अडखळत वाचलं तरी चालतं, पण २४० म्हणजे वारा जिकडून येतो ती दिशा, हे पक्कं हवं.

तुम्हीही विचारा. रात्रपाळ्या किती, त्या सलग असतात का? विमानतळावर किंवा वीज नियंत्रण कक्षात पहाटेची शिफ्ट टळत नाही, आणि ज्यांना झोपेचा त्रास आहे त्यांनी हे आधीच ओळखलेलं बरं; त्यांना विमा किंवा संशोधनाची बाजू मानवते. माझ्या अंदाजाची पडताळणी कोण करणार? मागच्या इंटर्नने काय केलं, ते आज वापरात आहे का? एका ठिकाणी इंटर्नकडून महिनोन्‌महिने जुनी नोंदपत्रकं टंकून घेतली जात होती आणि प्रमाणपत्रावर 'संशोधन' लिहिलं जात होतं. मागच्या इंटर्नबद्दलचा प्रश्न आला की तिथले लोक विषय बदलायचे.

बिनपगारी जागेबद्दल विचाराल तर: आठवड्याचे थोडे तास, स्वतःचा प्रश्न आणि नाव घालून मिळणारा निकाल असेल तर घ्या. पूर्ण वेळ शिफ्ट भरून घेणार असतील तर ती नोकरी आहे, तिचे पैसे मागा.